माझ्या फॉर्मची पोच

“मावशी, तुम्ही चहाचं बघा. इथं पदवीधरांचं काम चाललंय.”

हेडक्लार्क साहेब सगळ्या स्टाफसमोर म्हणाले. टेबलावर विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचे फॉर्म होते. शिक्षक ओळीनं आपापले फॉर्म देत होते. त्या ओळीत मीही उभी होते. हातात भरलेला फॉर्म, मागे टाचलेली पदवीची झेरॉक्स. कर्वेनगरच्या या शाळेत मी शिपाई आहे. बावीस वर्षं झाली. सगळे मला मावशी म्हणतात. निम्म्यांना माझं नाव माहीत नाही.

“मीपण पदवीधर आहे, साहेब.”

त्यांनी झेरॉक्स उजेडाकडे धरली, खोटी नोट तपासतात तशी.

“मुक्त विद्यापीठ का? वा. म्हणजे आता आमदार तुम्ही ठरवणार. ठेवा तिथं.”

दोघीतिघी हसल्या. मी फॉर्म ठेवला आणि चहा टाकायला गेले.

तिथंच माती खाल्ली मी. बावीस वर्षं शाळेचं टपाल मी सरकारी कार्यालयांत नेतेय. आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही, म्हणजे पोच, ती घेतल्याशिवाय मी कुठली खिडकी सोडलेली नाही. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर दोन-दोन तास बसून राहिलेय. दुनियेच्या कागदांची पोच आणणारी मी, माझ्या स्वतःच्या कागदाची पोच मागितली नाही. लाज वाटली. सगळ्यांसमोर हसं झालं होतं ना.

बी.ए. मी चाळिशी उलटल्यावर केलं. बिबवेवाडीहून स्वारगेट, स्वारगेटहून कर्वेनगर, बसमध्ये उभ्यानं वाचून. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. पण मतदान केंद्रावर अंगठा द्यायला लागू नये म्हणून ते सही शिकले. एवढीच अक्षरं त्यांना यायची. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातला माणूस, म्हणायचे, पोरी, मत विकायचं नाही आणि चुकवायचं नाही.

मागची निवडणूक आली तेव्हा माझी पदवी नवी होती. पदवीला तीन वर्षं पूर्ण लागतात. मला दीडच झालेलं. वरच्या सभागृहातल्या आमदाराची मुदत सहा वर्षं, आणि ते सभागृह मधे बरखास्तही होत नाही. म्हणजे थांबा सहा वर्षं. थांबले. त्यात ही मतदारयादी दर वेळी नव्यानं करतात, जुनी चालत नाही. फॉर्म गेला तरच नाव.

मतदानाला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. या मतदानात बटण नसतं. त्यांनी दिलेल्या पेननं उमेदवारापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. घरी वहीत एकचा आकडा गिरवून बघितला होता मी. येड्यासारखं.

तिथल्या बाईंनी यादीवरून तीनदा बोट फिरवलं. “नाव नाहीये तुमचं. जरा बाजूला होता का?”

मागे आमच्याच शाळेच्या गणिताच्या बाई होत्या. “अगंबाई, मावशी, तुम्ही इथं कशा? कुणाचा डबा आणलात का?”

मी हो म्हणाले. खरंच, हो म्हणाले आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कना विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. “शाळेचा गठ्ठा जातो, मावशी. त्यात शिपायाचा कागद बरा दिसत नाही. पुढच्या वेळी बघू.”

पुढच्या वेळी. चार वर्षांनी मी निवृत्त होणार. तोवर कोण जगलं, कोण मेलं. पाण्याच्या टाकीमागे जाऊन मी रडले. आठवडाभर जेवण गेलं नाही. आपण शिकलो ते कशाला, हेच डोक्यात. बाप सही शिकून जिथवर पोचला, तिथवरही बी.ए. होऊन मी पोचले नव्हते.

महिन्याभरात निवडून आलेल्या आमदारांचा शाळेत सत्कार ठरला. शाल-नारळाचं ताट माझ्या हातात. आमदार बोलले, “आमचं वरिष्ठ सभागृह. दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात, पण सभागृह चालू राहतं. तुम्हा सुशिक्षितांचा हा सेवक सहा वर्षं कुठं जात नाही.” टाळ्या.

हेडक्लार्क कानाशी येऊन म्हणाले, “मावशी, ताट पुढं करा.”

मी ताट खुर्चीवर ठेवलं आणि आमदारांना म्हणाले, “साहेब, मी बी.ए. आहे. माझा फॉर्म या शाळेनं पाठवलाच नाही.”

आमदार हसले. “अरे वा. मावशी बी.ए. आहेत. जोरदार टाळ्या होऊ द्या त्यांच्यासाठी.”

आणि सगळ्यांनी वाजवल्या हो. मुख्याध्यापिका बाईंनीसुद्धा. इतका अपमान मला त्या ओळीतही वाटला नव्हता. अंगाचा भडका उडाला.

“टाळ्या नकोत. फॉर्म कुठाय ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी मला मेमो. पाहुण्यांसमोर उद्धट वर्तन, तीन दिवसांत लेखी माफी.

मुलगी म्हणाली, “आई, चारच वर्षं राहिलीत. सॉरी लिहून टाक ना, प्लीज.” तिचं चूक नव्हतं. भीती मलाही होती, अजून आहे. दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी लिहिलं: मी पदवीधर आहे. माझा फॉर्म कार्यालयात दिला होता. तो का पाठवला नाही, याचा लेखी खुलासा मिळावा. खाली पूर्ण नाव, पुढे बी.ए.

दोन प्रती हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवल्या. “पोच द्या.”

“घरच्या घरी कसली पोच?”

“मागचा कागद घरच्या घरीच गेला.”

ते कामात असल्यासारखं दाखवायला लागले. मी उभी राहिले. तास संपला. शाळेची घंटा मी देते. दिली नाही. वर्गांतून कालवा सुरू झाला. मुख्याध्यापिका बाई दारात आल्या.

“मावशी, घंटा?”

“शिक्का झाला की देते.”

बाई हेडक्लार्ककडे बघत राहिल्या. हेडक्लार्कनी शिक्का मारला, सही केली. मग मी घंटा दिली.

नोकरीचं काय होईल, माहीत नाही. माफी मागणार नाही. ती पोच पदवीच्या प्रमाणपत्राजवळ ठेवलीय. सहा वर्षांनी माझा फॉर्म मीच नेणार, आणि पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडणार नाही.