कोरडी हवा

कापसाची दोन वर्षं वाईट गेली आणि अकोटमधला एक जिनिंग कारखाना बंद पडला. माझा मेहुणा तिथं मशीनवर होता. हाती आलेल्या पैशांतून त्यानं अकोला–अकोट रस्त्यावर टायरात नायट्रोजन भरायचं दुकान टाकलं. नायट्रोजन भरलेलं चाक ओळखू यावं म्हणून त्याच्या व्हॉल्व्हला हिरवी टोपी बसवतात. लोक थांबायचे ते त्या टोपीसाठीच.

"भाऊ, नुसत्या टोप्या दे ना चार. हवा हाय गाडीत."

पैसे सांगितले की काळी-पिवळीवाले हसायचे. "हवेचे पैसे? उद्या उनाचेबी घेसान!"

मी अमरावतीहून महिन्यातून दोनदा अकोल्याला जात असे. आकड्यांशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. म्हणून मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमीच मोजून सांगा. तुमी सांगतलं त लोकं आयकतीन."

माझ्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांत नायट्रोजन, मागच्या दोन चाकांत साधी हवा. पूर्ण उन्हाळा मी सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या मीटरनं दाब मोजला. दुपारच्या उन्हात मोजून पाहिलं तर चारही चाकांचा दाब सारखाच चढलेला असे. नायट्रोजनचा दाब थोडा जास्त टिकला, हे खरं. पण महिन्याला जेमतेम एका पौंडाचा फरक. जो माणूस दर पंधरा दिवसांनी पंपावर फुकट हवा तपासून घेतो, त्याला तो कधी कळणारही नाही.

पावसाळ्याच्या तोंडी मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतंच. समोर एक जीप उभी होती, तिचे टायर घासून पार गोटा झालेले. चाकांवर मात्र हिरव्या टोप्या.

"सांगा," तो म्हणाला. "दुकानाचा करार वाढवू का नोको?"

मी आकडे सांगितले. विमानाला, शर्यतीच्या गाडीला त्याचा उपयोग असेल. पण रोज बाजारात जाणाऱ्याला दाब वेळेवर तपासला तरी पुरे, साध्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो, फक्त तिच्यात थोडा ओलावा असतो, असंही सांगितलं.

"मंग मी काय इकून राह्यलो, भाऊजी?"

"थोडी कोरडी हवा."

तो हसला. मला ते हसू आवडलं नाही. "कोरडं इकाले दुकान कायले पायजे? कोरडं त अख्ख्या वऱ्हाडात हाय."

त्यानं करार वाढवला नाही. नायट्रोजनच्या मशीनला गिऱ्हाईक मिळेना, शेवटी ते भंगाराच्या भावात गेलं. पुण्यात एका सोसायटीत वॉचमनची जागा होती, तिथं तो गेला. अकोला स्टेशनवर त्याला सोडायला मीच गेलो होतो. गाडी हलेपर्यंत तो जिनिंगमधल्या लोकांबद्दल बोलत होता, कोण कुठं गेलं ते सांगत होता. दुकानाचं नावही त्यानं काढलं नाही.

घरी आलो तर बायको जेवली नव्हती. तिचा तो एकच भाऊ.

"एका पौंडाचंबी खोटं बोलता येत नव्हतं का तुमाले?" ती म्हणाली.

खोटं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी गाडीत येतानाच करून ठेवला होता. दुकान फार तर दिवाळीपर्यंत चाललं असतं. तिला ते सांगण्यात काही अर्थ नव्हता.