वहमी साहेबांचा कान

भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघणारी माणसं पुष्कळ असतात. मनगटावरच्या घड्याळाचाही संशय येऊन मोबाइल काढणारे, आणि मग मोबाइलकडेही तिरप्या नजरेनं बघणारे, आमचे वहमी साहेब एकटेच.

लखनऊमध्ये कानपूर रोडवरच्या एका मोठ्या मॉलच्या तळघरात आमचे दोन चिलर होते. पाणी गार करून साऱ्या इमारतीत फिरवणारं, लहानशा बसएवढं एकेक मशीन. साहेब त्या प्लँटचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची इंजिनियर. ते मूळचे सांगलीचे, हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. मी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आलेली. ‘वहमी’, म्हणजे संशयी, हे नाव ऑपरेटर इश्तियाकभाईंनी ठेवलं होतं आणि ते साहेबांना चांगलं ठाऊक होतं. “वहमी म्हणतात ना? येडा तर म्हणत नाहीत!” असं म्हणून ते हसायचे.

माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही, हाक गावावरूनच. “काय अमरावतीकर, स्क्रीन काय म्हणतोय?” “सात अंश, साहेब.” “आणि व्हॉल्व्ह?” मग मी व्हॉल्व्हवर तळहात ठेवायचा, थर्मामीटर खुपसायचा आणि पुन्हा सात सांगायचं. त्यावर समाधान व्हावं की नाही? “तिघं एकच बोलतायत,” ते पुटपुटायचे. “संगनमत तर नाही?”

छतावरचा कूलिंग टॉवर धुतला असं ठेकेदारानं सांगितलं की साहेब भर उन्हात जिना चढत आणि टाकीत कोपरापर्यंत हात घालत. लखनऊचं पाणी जड, नळ्यांत चुना धरतो. त्या चुन्यावर त्यांचा नातेवाइकांवर असावा तितका राग होता. बाजारातही तेच. खरबूजवाला “शहद है साहब” म्हणाला की हे दुसऱ्या ठेल्याकडे वळत. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या, “माझी पत्रिका यांनी तीन ज्योतिषांना दाखवली होती. तिघांनी चांगली सांगितली म्हणून लग्न अडलं होतं!”

त्यांचा विश्वास फक्त स्वतःच्या कानावर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग बिघडायच्या आधी शीळ घालतं, असं ते म्हणत. त्या उन्हाळ्यात ती शीळ त्यांना वारंवार ऐकू येऊ लागली. दोनदा मशीन थांबवलं, कंपनीचे लोक येऊन तपासून गेले, काही निघालं नाही. मॉलच्या मॅनेजरांनी तोंडावर सांगितलं, “अब बेवजह बंद हुआ तो अगले साल का कॉन्ट्रैक्ट भूल जाइए।” इश्तियाकभाई मान हलवत म्हणाले, “वहम का इलाज तो हकीम लुक़मान के पास भी नहीं था।”

जूनमधली दुपार होती. दुसरं मशीन नळ्या साफ करायला उघडलेलं, म्हणजे सगळा मॉल एकाच मशीनवर. साहेबांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. “बंद करा. शीळ आहे.” मशीन थांबलं. त्यांनी कान हलवला नाही. “अजून आहे. पंपातून येत असेल.” पंप बंद केले. “टॉवरचा पंखा?” तोही बंद झाला. एवढी शांतता मी त्या तळघरात कधी अनुभवली नव्हती. साहेबांनी हळूच स्क्रूड्रायव्हर कानापासून दूर केला.

“तुला ऐकू येतंय?” त्यांनी मला विचारलं.

“नाही, साहेब.”

“इश्तियाक, झूठ मत बोलना।”

इश्तियाकभाईंनी मान खाली घातली. “नहीं साहब। कुछ भी नहीं।”

साहेबांनी स्क्रूड्रायव्हर मशीनवर ठेवला. मग म्हणाले, “मला येतंय.”

पंप, पंखा, मशीन, सगळं त्यांनी क्रमानं पुन्हा सुरू करवलं. वरून फोनवर फोन येत होते; दुकानदार घामाघूम होऊन मॅनेजरांना घेरून बसले होते. इश्तियाकभाई हलकेच म्हणाले, “साहब, कह देंगे तेल का प्रेशर गिरा था। कौन देखने आता है?” मला ते मनापासून पटलं. साहेब मात्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “और कल सच में गिरेगा, तो इसकी कौन मानेगा?”

ते वर गेले. मीही मागोमाग गेले. सगळ्यांदेखत त्यांनी सांगितलं, “मशीन ठीक थी। ख़राबी मेरे कान में है।” पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. महिनाअखेरीस साहेब आणि काकू सांगलीला निघून गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेले. त्यांनी सामानावरचं कुलूप ओढून पाहिलं, आणि मग पुन्हा ओढून पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तेलाचं प्रेशर खरोखरच पडलं. मी वर फोन केला, मशीन बंद करावं लागेल म्हणून. मॅनेजरांनी फक्त विचारलं, “कितनी देर?”

संध्याकाळी न राहवून सांगलीला फोन लावला. साहेबांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. काकूंनी सगळी हकिकत त्यांच्या कानात ओरडून सांगितली. मग त्या मला म्हणाल्या, “अगं, ते विचारतायत, मॅनेजरनं एवढ्या सहजासहजी मानलं कसं? म्हणतायत, नक्की काहीतरी गडबड आहे, जपून राहा.”

साहेब, ती गडबड तुम्हीच करून गेलात, असं मला सांगायचं होतं. पण ते काकूंकडून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “हो म्हणावं, जपते.”