मंदाच्या गोधडीतला मोर

गोधडीत लपवून ठेवण्यासारखं काही असतं, हे मला निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. पांढरकवड्याच्या कचेरीत जन्म गेला. तिथली गुपितं साहेबांच्या आधी चहावाल्याला कळायची. घरचं एकुलतं एक गुपित मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याचं झालं असं. मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली, नात झाली, आणि अमरावतीच्या विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "गोधड्या-बिधड्या कायले शिवत बसता? आजकाल सारं रेडिमेड भेटते." झालं! मंदानं (म्हणजे आमच्या हिनं) फोन ठेवला आणि जाहीर केलं, "बारशाले अशी गोधडी देते की त्यायनं जलमभर पायत राह्यलं पायजे." बारशाच्या दिवशी विहीणबाईंचं तोंड बंद व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. (एरवी माझं बंद असलं तरी तिचं भागतं.)

आमच्या गच्चीवर दुपारी गोधड्या शिवणाऱ्या बायका जमतात. शेजारच्या बेबीताई, मागच्या गल्लीतल्या प्रभाताई आणि तांड्यावरून येणारी सोनीयाडी. याडी म्हणजे आई. तिला सगळेच याडी म्हणतात. मंदानं फोनवर कुठंतरी पाहिलं होतं, की प्रत्येकीला एकच तुकडा शिवायला द्यायचा, अख्खं चित्र एकटीलाच ठाऊक, आणि तुकडे जोडले की सगळ्या थक्क! तिनं कामं वाटून दिली. बेबीताईंना उभी निळी पट्टी, प्रभाताईंना टरबुजाएवढा गोल, सोनीयाडीला लहान गोळा आणि त्याच्या डोक्यावर तीन काड्या. सगळ्यात खालचा मोठा तुकडा तिचा स्वतःचा. तुकडा घरी शिवायचा, झाकून ठेवायचा आणि कशाचं चित्र आहे ते विचारायचं नाही.

मला विचारायचं नाही, असं मात्र कोणी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बेबीताई भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले तं मालूमच असन. काय हाय हो ते?"

आता 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. पण म्हणजे बायको आपल्याला काही सांगत नाही, हे कबूल करायचं! कानांवर दोन झुबके सोडून केस न उरलेल्या माणसाजवळ अब्रूशिवाय असतं काय? मी गंभीरपणे म्हणालो, "उंट."

"उंट? बारशाले?"

"राजस्थानी डिझाइन आहे. कोणाला सांगू नका."

"मंग मान लांब पायजे," म्हणत त्या आत गेल्या.

प्रभाताई पिठाच्या चक्कीवर भेटल्या. त्या देवभोळ्या, त्यांना उंट काय सांगायचा? मी म्हणालो, "गणपती." त्यांनी तिथंच हात जोडले आणि पोटाचा घेर वाढवते म्हणाल्या. सोनीयाडीच्या घरी बैलजोडी. तिला मी पोळ्याचा बैल सांगितला.

"बैल? मंग वरतं तीन काड्या कायच्या?"

"मंदाची चूक झाली असेल. तुम्ही बाजूला दोन शिंगं काढा."

"अन् डोये? काचा लावून देते मी, झुलीले लावतो तशा."

इकडे मंदा बाळंतिणीची शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू यांत बुडालेली. कोणाचा तुकडा बघायला तिला सवड नव्हती, आणि गरजही वाटली नाही. याच सुमारास दोरीवरची माझी हिरव्या चौकड्यांची लुंगी नाहीशी झाली. विचारलं तर म्हणाली, "जुनी झालती. चांगल्या कामाले लावली."

बारशाच्या आदल्या दुपारी गच्चीवर चटईवर तुकडे मांडले. वर एक गोळा, त्याच्या दोन बाजूंना दोन शिंगं आणि मधोमध दोन चकचकीत वाटोळ्या काचा. खाली लांबलचक मान. मानेखाली पोट, आणि ते चटईच्याही बाहेर निघालेलं. पोटाखाली हिरव्या चौकड्यांचा पिसारा.

मंदानं एक काच बोटानं दाबून पाहिली. मग हळूच म्हणाली, "माहा मोर कुठं गेला?"

"मोर होता?" बेबीताई म्हणाल्या. "भाऊजी तं उंट म्हणे."

"मले गणपती सांगतला," प्रभाताई म्हणाल्या.

"मले बैल," सोनीयाडी म्हणाली.

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुमाले कोणं सांगतलं होतं?" मंदानं विचारलं.

"कोणीच नाही."

"मंग काहून बोलले?"

"कोणी सांगितलं नाही म्हणूनच."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला खरोखरच वाईट वाटलं. समजूत काढायला मी म्हणालो, "बाजारातून रेडिमेड आणू का?" यानंतर ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. उसवायला वेळ नव्हता. खाली मान घालून तिनं ते जनावर तसंच जोडलं.

बारशाला विहीणबाईंनी गोधडी मांडीवर पसरली. भिंगातून पाहावं तशी पाहिली. "हे काय हाय?"

मंदाचा चेहरा उतरला होता. मी दारात घुगऱ्यांचं पातेलं पोटाशी धरून, मान लांब करून पाहत होतो. विहीणबाईंनी वर पाहिलं. मग गोधडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"अवं माय, हे तं आजोबा हायेत!" त्या म्हणाल्या. "कानावरचे केस पाहा. चष्मा पाहा. अन् लुंगी तं तेच हाय, दिवाईत पाह्यलेली! विहीणबाई, असं रेडिमेड कुठंच नाई भेटत."

मंदानं पापणीही न हलवता पदर सारखा केला. "म्हणून तं गुपित ठेवलं होतं," ती म्हणाली.

नात अजून आमच्याकडेच आहे. आपल्या ओल्या कामासाठी तिनं गोधडीतलं नेमकं पोट निवडलं आहे. त्यामुळे मी रोज सकाळी धुतला जातो आणि चिमटे लावून गच्चीवर टांगला जातो. काल अचानक आभाळ भरून आलं. मी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. बेबीताई भिंतीवरून ओरडल्या, "मंदाताई, भाऊजी सुकले असतीन तं घरात घ्या!"

"राहू द्या थोडा वेळ," मंदा आतून म्हणाली. "पोट अजून ओलंच हाय त्यायचं."