बोटभर सैल

दुपारचं जेवण झालं की मी दुकानातल्या बाकावर पाठ टेकतो. पंपांच्या मोटारी भरायचं माझं दुकान आहे, इस्लामपुरात. जळालेली कॉइल काढायची, नवी तार गुंडाळायची, वरून कॉटनची टेप बांधायची, शेवटी वार्निश मारायचं. चालवून बघायला लावलेला एखादा पंप कोपऱ्यात गुरगुरत असतो. त्या आवाजात डोळे जड होतात. आवाज लांब लांब जातो, आणि कुणीतरी बटण बंद करतं.

"जेवलासा का?" शालन विचारते.

शालन माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. ती माझ्या स्टुलावर बसली आहे, मांडीवर टेपचं बंडल. मला नवल वाटत नाही.

"जेवलो. भाकरी करपली होती."

"कुणी केली?"

"मीच."

"मग गप खायची."

ती बंडल सोडत जाते. टेप खाली पडते आणि जिथं पडते तिथं पांढरी फरशी होते. मी उठून बसतो तर बाक उंच झालेला. दवाखान्यातला ड्रेसिंगचा पलंग आहे तो. पडद्याला तोच फिनेलचा वास. शालन आता पलंगावर आणि मी तिच्या शेजारी उभा.

कॅन्सरमुळं तिचा डावा स्तन काढावा लागला. त्याच ऑपरेशनात पोटाची कातडी आणि चरबी घेऊन तिथं नवा घडवला. ती चोपन्न वर्षांची होती. थोरल्या वहिनी आमच्या घरात बसून म्हणाल्या, "ह्या वयात आता कुणाला दाखवायचंय?" शालन म्हणाली, "अंघोळ करताना मला दिसतं की, वहिनी." वहिनींनी चहा अर्धा ठेवला. त्या दिवशी मला बायकोचा जो अभिमान वाटला, तो मी तिला बोलून दाखवला नाही.

घरी आणल्यावर पट्टी बदलायचं काम मी घेतलं. कॉइलची टेप सैल राहिली तर तार थरथरते आणि मोटार जळते, हे माझ्या हाताला तीस वर्षं ठाऊक. त्याच हातानं मी तिला बांधलं. शेवटचा वेढा तर दात खाऊन ओढला. दोन दिवसांनी सोडलं तेव्हा टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडली होती. आठवड्यात टाके उसवले. आत बोट जाईल एवढी जखम उघडी पडली.

पलंगापाशी डॉक्टर पाठमोरे उभे आहेत. तेव्हा शालनला विचारलं होतं तेच विचारतात. "डाव्या कुशीवर झोपला होतात का तुम्ही?"

तेव्हा शालन पटकन म्हणाली होती, "झोपले असेन." आणि मी खाली बघत राहिलो होतो. ती गेली तरी मी ते कुणाला सांगितलं नाही. ती असताना तिलाही नाही.

आता तिच्या आधी मी बोलतो. "मी आवळलं होतं. माझ्यामुळं झालं."

डॉक्टर वळत नाहीत. काहीतरी लिहीत असतात, मग तिथं नुसता पडदा असतो.

"माहीत आहे मला," शालन म्हणते.

"कधीपासनं?"

"तुम्ही बांधलंसा तवापासनं. पुरता श्वास घेता येईना. म्हटलं, ह्या माणसानं मला मोटारच समजलंय. वार्निश तेवढं मारायचं ठेवलं."

ती हसते. मला हसू येत नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर परत हात लावला असता का मला? भ्याला असता. दुसऱ्या कुणाकडनं मला बांधून घ्यायचं नव्हतं."

तिनं खोटं सांगितलं ते मला वाचवायला, असं मी इतके दिवस समजत होतो. तिला माझे हात हवे होते.

नंतर सिस्टरनी शिकवलं, पट्टीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. चार महिने मी रोज सकाळी हात कोपरापर्यंत धुऊन जखम साफ केली, ओली गॉजची जाळी आत भरली, वर पट्टी बांधली. बोटभर सैल. सुरुवातीला मला घाम फुटायचा. ती छताकडं बघत भाजीचं सांगायची. एकदाही ओरडली नाही. जखम तळापासून भरत आली, आणि एक दिवस डॉक्टरांनी शिकाऊ पोरांना बोलावून दाखवलं. "हे घरी केलेलं काम आहे," म्हणाले. शालननं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी." माझं नावसुद्धा घेतलं, सगळ्यांसमोर.

पुढं दीड वर्षानं आजार लिव्हरमध्ये निघाला आणि तिला घेऊन गेला. पण ती जखम बुजली होती. उघडं काही घेऊन ती गेली नाही.

पडदा सरकतो. आमच्या घरातली मोरी. आरशावर वाफ. शालन पाठीवर ओले केस टाकून उभी आहे, पदर नाही, लाज नाही. डावीकडं आडवा वण, कडेला थोडा वाकडा, जिथं काळं पडलं होतं तिथंच.

"चांगलं दिसतं का?" ती विचारते.

"झकास दिसतं," मी म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणतो.

"दाबून बघा की. सिस्टर बघायच्या तसं."

मी वणाशेजारी अंगठा दाबतो आणि उचलतो. कातडी पांढरी होते, मग भरभर तांबूस.

"जितं आहे," मी म्हणतो.

"मग? कुणी भरलंय!" असं म्हणून ती माझा हात ओढते. "आता तुमचं बघू." मनगटाच्या आत अंगठा रोवते. जोरात.

पंप गुरगुरतो आहे. उन्हाची तिरीप बाकापर्यंत आली आहे. माझा डावा हात पोटावर मोकळा पडलेला, त्याच्याखाली काही नाही, वर काही नाही. मनगटाच्या आत एक पांढरा ठसा आहे, माझ्या अंगठ्यापेक्षा लहान.

मी बघत असताना तो हळूहळू तांबूस होतो.