'ळ'ची गोष्ट कोणाची

वर्षभर मी शाळेत एकटाच डबा खातोय.

वत्सला मॅडम गेल्या त्याला आज वर्ष झालं. कळंबच्या पुढे आमची छोटी शाळा, आम्ही दोघंच शिक्षक. त्यांची जागा अजून रिकामी आहे. पहिली ते चौथी, वर्ग चार आणि सर एक.

मी मूळचा कोल्हापूरचा. सात वर्षांपूर्वी इथली ऑर्डर हातात पडली तेव्हा डोक्यात शुद्ध मराठीचं वारं भरलेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मॅडमच्या वर्गातल्या पोरांना श्रुतलेखन घातलं. शाळा, फळा, डोळा, काळा.

पोरांनी लिहिलं : शाया, फया, डोया, काया.

इकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो हे मला कुठे माहीत. सगळ्यांना लाल पेनाने भोपळा दिला.

मॅडमनी वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, "सर, लिवता येते म्हनून तं चुकलं लेकरायचं. ज्याले येतच नाही त्याचा कागद कोरा राह्यते."

मी वाद घातला. पुढे सहा वर्षं रोज कशावरून तरी घालत राहिलो.

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर काढायच्या, दोरा ओवून पोरांच्या गळ्यात अडकवायच्या आणि गोष्ट सुरू करायच्या.

'ळ' बिचारा एकटा. कोणताच शब्द त्याच्यापासून सुरू होत नाही. म्हणून तो दारोदार फिरतो आणि म्हणतो, "मले पुढं बसू द्या." कोणी बसू देत नाही.

मग 'फ' म्हणतो, "पुढं नाही जमत बाप्पा, पन माह्यामागं बस." झालं फळ. तेवढ्यात तिकडून 'बा' हाक मारतो, 'डो' आणि 'ळा'ची गाठ पडते. जो शब्द होईल तो पोरं धावत जाऊन फळ्यावर लिहायची.

पंधरा दिवसांत वहीतली शाया शाळा झाली. तोंडातली तशीच राहिली. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. त्या स्वतःही शायाच म्हणायच्या.

मी गावात नवीन होतो तेव्हा मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खोलीत दार लोटून जेवायचो. कोणाशी बोलायचं, काय बोलायचं, सुचायचंच नाही.

एक दिवस मॅडमनी 'ळ'चा कागद माझ्याच गळ्यात घातला. "आज सर ळ."

मी आपला बावळटासारखा वर्गाच्या मधोमध उभा. आणि चारी बाजूंनी आवाज, "सर, माह्यापाशी बसा." "सर, इकडं या ना."

सहा महिने झाले होते मला येऊन. तोवर असं कोणी बोलावलं नव्हतं. रडूच आलं. पोरांना सांगितलं, डोळ्यात खडू गेला.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम आपला डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायला लागल्या. डब्यात भुरका असायचा, तेलात परतलेलं लालभडक तिखट. मला झेपायचा नाही.

"कोल्हापूरचे ना तुमी? मंग भुरक्यानं पानी काहून येते डोयात?"

आता जे सांगायचंय ते सांगतो. वर्षभर टाळलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मी ही 'ळ'ची गोष्ट सादर केली. पीपीटी वगैरे करून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "सर, ही कल्पना सुचली कशी?"

मी म्हणालो, "वर्गात काम करता करता सुचत गेलं."

मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या.

परत येताना त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी वाट बघत होतो, आता भांडतील, आता भांडतील. खडूच्या डबीवरून भांडणारी बाई.

त्या एवढंच म्हणाल्या, "चांगलं बोलले सर."

मी माफी मागितली नाही. मागू कधीतरी, म्हटलं. रोज तर समोर असतात.

मग एका सकाळी छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, आणि मला फोन आला तोवर सगळं संपलं होतं.

यंदा पहिलीही माझ्याकडेच. पुन्हा शाया, पुन्हा फया. या वेळी लाल पेन काढला नाही. कपाटातून मॅडमचे कागद काढले आणि गोष्ट सुरू केली. त्यांच्यासारखं बोलायला गेलो, "मले पुढं बसू द्या."

आरोही नावाची एक मुलगी खुदकन हसली. "सर, तुमी तुमच्यासारखंच बोला ना. तुमाले नाही जमून राह्यलं."

मग माझ्या पद्धतीने सांगितली. पोरं रंगली. सुटताना आरोही जवळ आली.

"सर, हे गोष्ट तुमाले कोनं सांगतली?"

विचारणारी सहा वर्षांची. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण या वेळी म्हणालो, "वत्सला मॅडमनी."

"कोन वत्सला मॅडम?"

ही पोरं मॅडमच्या हाताखाली शिकलीच नाहीत. स्टाफमध्ये दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, तुम्ही सांगा. कोणी नव्हतं.

आज पुण्यस्मरणाला लोहाऱ्याला त्यांच्या घरी जाऊन आलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. फोटोसमोर उभा राहिलो, फूल वाहिलं, खीर खाल्ली आणि तसाच परत आलो.

त्या दिवशी परिषदेत असलेले बरेच शिक्षक इथे माझ्या मित्रयादीत आहेत, म्हणून ही पोस्ट. तुमच्यापैकी काहींनी तो प्रयोग आपल्या वर्गात केला आणि फोटोंत मला टॅग केलं.

ती गोष्ट माझी नव्हती. वत्सला मॅडमची होती. टाळ्याही त्यांच्याच.

मॅडम, उशीर झाला.

जय भीम.