रेषेपलीकडची राखीव जागा

जिंकणाऱ्या टीमचं बरं असतं. कपाबरोबर फोटो काढला की विषय संपला! आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडे कप नाही, म्हणून आम्ही अजून बोलतोय. ऑफिस सुटलं की सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत जमतो, आणि कुणी 'ती मॅच आठवते?' म्हटलं की जेवण गार होतं. मी टीमची मॅनेजर होते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि बर्फ माझ्याकडे.

खेळ तसा सोपा. अंड्याच्या आकाराचा बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचं. तो टचडाऊन. त्या वर्षी आम्ही सोडून सगळ्यांना ते जमत होतं!

*

पोरं कमी पडत होती म्हणून मी ओंकारला आणलं. बाबांची बदली इथे होईपर्यंत हा पुण्यात कबड्डी खेळलेला. पहिल्याच मॅचमध्ये बॉल हातात आला. सुसाट सुटला, दोघांना चकवलं, तिसऱ्याला हात लावला आणि गर्रकन वळून परत आमच्याकडे पळत आला!

कॅप्टन केल्विनने डोकं धरलं. "व्हाय यू कम बॅक?"

ओंकार धापा टाकत म्हणाला, "आय टच्ड हिम! ही इज आऊट!"

*

पळताना तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' चालूच. समोरच्या टीमचा एक धिप्पाड गडी घाबरून रेफरीकडे गेला. "सर, ही इज चँटिंग समथिंग."

रेफरीने जाब विचारला, तर ओंकार शांतपणे म्हणतो, "ओन्ली ब्रीदिंग, सर!"

*

ओंकारच्या आई एकही नियम न शिकता प्रत्येक मॅचला यायच्या. पोरगा खेळाडूंच्या ढिगाखाली गेला की मला म्हणायच्या, "अगं मृणाल, बघ गं, सगळे उठले का?" एकदा मॅच संपल्यावर त्यांनी समोरच्या टीमलाही रव्याचे लाडू वाटले.

मी वैतागले. "काकू, त्यांनी आपल्याला धुतलंय!"

"म्हणूनच तर! दमली असतील गं पोरं!"

*

मग स्पोर्ट्सच्या मॅडमनी केल्विनला बोलावलं. "या सीझनला एक तरी टचडाऊन दाखव. नाहीतर पुढच्या वर्षी टीम बंद."

ही टीम केल्विनने हॉस्टेलची दारं ठोठावून उभी केलेली, आणि त्याचं ते शेवटचं वर्ष. बाहेर येऊन तो म्हणाला, "ओन्ली वन, लाह. कॅन!" इथल्या बोलीत, 'एकच तर, जमेल रे!' पण चेहरा पडला होता. मला फार वाईट वाटलं.

पुढची मॅच सुरू होताच विजेच्या धोक्याचा भोंगा वाजला. तो वाजला की इथे मैदान सोडावंच लागतं. मॅच रद्द. शून्य-शून्य! आम्ही न हरल्याबद्दल केल्विनने सगळ्यांना चिकन राइस खाऊ घातला.

*

आता शेवटची मॅच.

सिंगापुरात हॉकर सेंटरच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली, तिथे दुसरं कुणी बसत नाही. मॅचआधी केल्विनने समोरच्यांच्या रेषेपलीकडे, गवतावर, तसंच पाकीट ठेवलं.

"व्हॉट इज धिस?" रेफरी म्हणाला.

"रिझर्व्ह्ड, सर. आवर सीट."

रेफरीने ते उचलायला लावलं. केल्विनने मोज्यात खोचलं.

शेवटची मिनिटं आली तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे भरपूर मागे होतो. बॉल ओंकारकडे आला. रेषेच्या अगदी जवळ तिघांनी त्याला धरलं, एकाने कंबर, दोघांनी पाय. आता संपलंच. मी पाण्याच्या बाटल्या टाकून बेंबीच्या देठापासून ओरडले, "ओंक्या, ती मध्यरेषा आहे असं समज! हात लांब कर!"

मग काय! तिघांना ओढत ओंकारने अंग झोकून दिलं आणि हात लांबवला. हातात बॉल होता. रेषेपलीकडे!

रेफरीचे दोन्ही हात वर. टचडाऊन!

बेंचवरची पोरं मैदानात घुसली, मागोमाग काकू लाडवांचा डबा घेऊन. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. केल्विन मात्र धावला नाही. सावकाश चालत गेला, मोज्यातलं पाकीट काढून बॉलशेजारी ठेवलं आणि तिथेच गवतावर मांडी घालून बसला. त्याच्याभोवती सगळी टीम बसली.

रेफरी शिट्ट्या मारून थकला. "कॅप्टन, गेट अप! गेम नॉट ओव्हर!"

केल्विनने डोळे पुसले. "सर, फाइव्ह मिनिट्स, लाह. वी जस्ट गॉट सीट."