पाठीवरची वर्तुळं

महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर सकाळच्या बॅचला एक काका येत. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या पाठीवर तांबडी-जांभळी वर्तुळं असत. कधी खांद्यापाशी, कधी पार कुशीकडे सरकलेली.

"काका, पाठीवर चहाचे कप ठेवता का हो?" कुणीतरी विचारलं.

"बशा मिळाल्या नाहीत," म्हणत काका पाण्यात उतरले.

ती वर्तुळं कपिंगची होती. पाठदुखीवर हवा खेचून चिकटवायचे ते कप काकू घरीच लावत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि तोंडावर बोलणारा. एकदा म्हटलं, "माशासारखं पोहता. तुमची पाठ दुखते कुठे?"

टॉवेल पिळत ते हळूच म्हणाले, "दुखायची केव्हाच थांबली. पण हिची नजर गेलीय. सुनेनं प्रेमानंच सगळी कामं काढून घेतली. माझी पाठ तेवढी उरलीय हिच्याकडे. चाचपत कप लावते, बरं वाटलं का विचारते. मी 'थोडंसं' म्हणतो."

पुढच्या रविवारी सुनेचा हात धरून काकू फाटकाशी आल्या. काकांनी ओळख करून दिल्यावर मला म्हणाल्या, "खरं सांगा, यांची पाठ दुखते का? की माझं मन राखतात?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी कधी खोटं बोलत नाही, हे आजवर सगळ्यांना ठणकावून सांगत आलोय.

"आज तर काकांना पाण्यात हात उचलवत नव्हता, काकू."

"तरी म्हटलं!" काकूंचा चेहरा उजळला. तिथेच त्या काकांची पाठ चाचपायला लागल्या.

काका लगेच कण्हले.